धुतलेली पॅसेंजर

गुरुवारी दुपारी मृणालीने अकरावा डबा साबणाच्या पाण्यातून काढला, टॉवेलवर आडवा ठेवला आणि सकाळपासून पहिल्यांदा पाठ सरळ केली. डबा आगगाडीचा होता. वीतभर लांब, निळा, खिडक्यांना केसाएवढ्या तारेचे गज. तिच्या बाबांनी, गुंडू परबांनी, पातळ प्लास्टिक कापून, घासून, चिकटवून असे बारा डबे केले होते, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचे. कोकणातली जुनी पॅसेंजर, त्यांच्या गावाच्या स्टेशनावर थांबायची ती. बारावा डबा गार्डचा. त्याला मागचा लाल दिवा बसवायला म्हणून तो नईम भागात, बाबांचे मित्र ताहिर मुकादम यांच्याकडे गेला होता आणि तिथेच राहिला होता. बाबांना जाऊन त्या दिवशी सात आठवडे झाले.

या सात आठवड्यांत मृणाली एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. पुण्याहून व्हिजिट व्हिसावर बहरीनला आली ती विमानतळावरून थेट आयसीयूत. तिथून पुढे दाखले, शिक्के, बाबांचं रेसिडेंट कार्ड परत करणं, आईचा व्हिसा कॅन्सल करणं, माहूज भागातला आईबाबांचा फ्लॅट रिकामा करणं. आवरून झालेली कपाटं ती पुन्हा उघडायची आणि पुन्हा आवरायची. जेवायची ती ओट्याशी उभ्यानेच. फोन आला की गॅलरीपासून न्हाणीघरापर्यंत येरझारा. पुण्याच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून दिवसदिवस खुर्चीत बसणारी बाई, पण सोबत आणलेली चार पुस्तकं अजून बॅगेतच होती. शेजारच्या हेमाताई तिला म्हणाल्या, "अगं, पायाला भिंगरी लावलीयस का? घटकाभर टेक की."

टेकायचं कसं, हेच तिला उमगत नव्हतं.

बाबांनी जाण्याच्या दोन दिवस आधी मास्क बाजूला सारून एकच गोष्ट सांगितली होती. "तुझ्या आवशीक एकदा गाडी दाखव गो. तिका वाटता, मी थंय पत्ते खेळूक जातंय."

गाडी चालायची ती नईमला. ताहिरचाचांची मुलगी आतिका लग्न होऊन दोह्याला गेली, तेव्हा तिच्या रिकाम्या खोलीत दोघा मित्रांनी चारी भिंतींलगत फळ्या टाकून रूळ बसवले होते. दर शुक्रवारी सकाळी बाबा डब्यांची पेटी घेऊन निघत ते तिन्हीसांजेला परत. आई, शेवंतीबाई, एकदाही तिकडे गेली नव्हती. कुणी आग्रह केलाच तर इथल्या अरबीतला ‘नाही’ वापरून म्हणायची, "तिसरो मजलो, लिफ्ट मफी, आणि माझे गुडघे पण मफी." खरं कारण निराळं होतं. आठवड्यातली एक सुट्टी नवऱ्याने रुळांच्या नावाखाली मित्राकडे घालवावी, हा तिचा जुना राग.

आता रविवारी मायलेकी दोघी विमानात बसणार होत्या. आई कणकवलीला बहिणीकडे, मृणाली पुण्याला. गाड्या सगळ्या ताहिरचाचांकडेच राहायच्या होत्या. म्हणजे हा शुक्रवार शेवटचा. जुम्म्याच्या नमाजानंतर आई तिथे जेवायला यायला कबूल झाली होती. आईसमोर पॅसेंजरची एक फेरी व्हावी, बाबा चालवायचे तशी, बाबांनी ठेवली होती त्याच रूपात. मृणालीला एवढंच हवं होतं, आणि ते हवं असण्याने तिला आठवडाभर धड झोप नव्हती.

म्हणून तर तिने डबे धुतले.

बाबांचा स्वच्छतेचा सोस तिला लहानपणापासून माहीत होता. हिद्दच्या एका गॅरेजात एकोणतीस वर्षं ते गाड्यांना स्प्रे मारत. बॉनेटवर राईएवढा कण बसला तरी सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून. घरातल्या मॉडेलांचंही तेच. जर्मन, स्विस, जपानी मिळून पंचेचाळीस डबे, एकूण एक पॅसेंजरचे. मालगाडीचा डबा त्यांनी कधी घेतला नाही. "मालगाडीत चढतलो कोण?" म्हणायचे. हे सगळे मऊ कागदात गुंडाळून आपापल्या खोक्यात. काढायचे ते कापसाचे हातमोजे घालून. एकटी ही पॅसेंजर तेवढी कपाटावर उघडी असायची, आणि गेल्या दोन महिन्यांत बहरीनवर दोनदा धुळीचं वादळ येऊन गेलं होतं. एसीच्या फटीतून शिरलेली धूळ टीव्हीवर होती, बाबांच्या चपलांवर होती, तशी डब्यांवरही असणार. आई सकाळपासून हेमाताईंकडे होती. मृणालीने टब घेतला, बेबी शांपू घेतला, मऊ टूथब्रश घेतला. चार वेळा पाणी बदलावं लागलं. दर वेळी पाणी तांबडं व्हायचं आणि तिला वाटायचं, किती ही धूळ, किती दिवस कुणी हातच लावला नाही. शेवटचं पाणी स्वच्छ निघालं तेव्हा तिला सात आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी नीट केल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी नऊच्या आत ती नईमच्या तिसऱ्या मजल्यावर पोचली. ताहिरचाचांनी दार उघडलं. शिपिंग एजंटकडे कारकुनी करून आता निवृत्तीला आलेले, सुट्टीच्या दिवशीही कडक इस्त्रीचा शर्ट घालणारे, मूळ रत्नागिरीकडचे. आतून जमीलाचाचीने कांदा परतल्याचा वास येत होता. चाचांनी पेटी आतिकाच्या खोलीत नेली, रुळांशेजारी ठेवली, झाकण उघडलं आणि हात तसाच झाकणावर राहिला.

"हे काय?"

"धूळ फार बसली होती, चाचा. सगळे धुतले मी. मऊ ब्रशने, अगदी हळू हां."

त्यांनी एक डबा उचलला, खिडकीच्या उजेडात धरला. ठेवला. दुसरा उचलला.

"कशाने धुतलेस?"

"बेबी शांपूने."

चाचांनी स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड केलं. "जमीला, ऐकलंस का? पोरीने गुंडूच्या गाडीला न्हाऊ घातलं. बेबी शांपूने."

"बरं केलं," आतून उत्तर आलं. "तुम्ही या घरात कशाला कधी पाण्याचा हात लावलायत?"

चाचा हसले नाहीत. त्यांनी खणातून गार्डचा डबा काढला आणि रुळांवर, धुतलेल्या डब्याच्या पाठीला लावून ठेवला.

मृणालीने पाहिलं. गार्डच्या डब्याचा निळा रंग खालच्या बाजूला तांबड्या मातीत विरघळत गेला होता. चाकांजवळ ब्रेकच्या लोखंडाचा तपकिरी गंज. दाराच्या दांड्याभोवती माणसांचे हात लागून लागून रंग उजळलेला. एका खिडकीखाली पानाच्या पिंकेचा ओघळ, आणि त्यावरून पावसाचं पाणी गेल्याच्या फिकट रेघा. तो डबा कुठून कुठून जाऊन आला होता. शेजारचा नुसता निळा होता, खेळण्यासारखा.

टबातलं तांबडं पाणी तिच्या डोळ्यांपुढे आलं. इथली धूळ पांढरट असते. जन्मापासून बारावीपर्यंत या बेटावर राहिलेल्या मुलीला हे सांगावं लागत नाही. चार वेळा तिने तांबडं पाणी मोरीत ओतलं होतं आणि एकदाही थांबली नव्हती.

"चार महिने लागले त्याला," चाचा म्हणाले. "म्हणायचा, ताहिर, जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चकाचक केल्या, आता एक तरी गाडी मनासारखी मळवतो."

"वरून काही मारलं नव्हतं? लॅकर वगैरे?"

"लॅकर मारलं की माती मातीसारखी दिसत नाही म्हणायचा, तेलकट दिसते. तशीच बसवलेली, बोटाने."

मृणाली खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा खिडकीपाशी गेली. खाली कुणी तरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणी तरी "यल्ला, यल्ला" ओरडून त्याला घाई करत होता.

"आई साडेबाराला येईल," ती म्हणाली. "तीन तास आहेत. बाबांचं सामान इथे आहे का काही?"

"माती आहे. खडूची भुकटी आहे." चाचांनी खणातून दोन छोट्या बरण्या काढल्या. "पण बेटा, हे काही शाळेतलं पोस्टर रंगवणं नाही."

"मग काय करू? अशीच चालवू?"

त्यांनी बरण्या तिच्यापुढे सरकवल्या आणि बाहेर जाऊन बसले. त्यांना राग आला होता आणि तो तिच्यावर काढता येत नव्हता, हे तिला दिसत होतं. अकराच्या सुमाराला ते टोपी घालून मशिदीत गेले ते तिला न सांगता.

तिने ब्रशने माती लावली. डबा शेंदूर फासलेल्या म्हसोबासारखा दिसायला लागला. धुतला, जमीलाचाचीच्या हेअर ड्रायरने वाळवला, पुन्हा लावली. या वेळी ठिपके पडले, गोवर आल्यासारखे. तिसऱ्यांदा माती पाण्यात कालवली तर वाळल्यावर तिला भेगा गेल्या. मग तिला आठवलं, बाबा तिला व्हिडिओ पाठवायचे. तिने फोनवर शोधलं. होते, सात होते. प्रत्येकाखाली तिने पाठवलेला अंगठा होता. तिने तेव्हा एकही उघडला नव्हता. सवडीने बघू म्हणून ठेवलं होतं, आणि मध्ये फोन बदलला. आता बोट लावलं की फाइल उपलब्ध नसल्याचं येत होतं. तिने सातही जागी बोट लावून पाहिलं.

पावणेबाराला बेल वाजली. हेमाताईंना पुढे कुठे जायचं होतं म्हणून त्यांनी आईला लवकरच आणून सोडलं होतं. आई कठड्याला धरून धापा टाकत वर आली, जमीलाचाचीने दिलेलं पाणी एका दमात प्याली आणि पदराने मान पुसत आतिकाच्या खोलीच्या दारात उभी राहिली. मृणालीच्या कोपरापर्यंत माती. समोर दहा निळे डबे आणि एक तांबडाभडक.

"धुतलंस मां?" आई म्हणाली.

मृणालीने मान हलवली.

आईने खुर्ची ओढली, बसली, गुडघे चोळले. मग तिचे खांदे हलायला लागले. मृणालीला वाटलं रडते आहे. आई हसत होती.

"अगो, मी पण धुतलंय. दोन वर्सां झाली. दिवाळेची साफसफाई. दोन डबे भांडी घासूच्या साबणान लख्ख केलंय आणि वर कौतुकान दाखवलंय. चार दीस माझ्यावांगडा बोलाक नायत. पाचव्या दिसाक म्हणतत, शेवंती, आता माती तू गाळ. तेव्हापासना मीच गाळतंय. माझ्या जुन्या लुगड्याच्या पदरात. चाळणीतली खरखरीत लागता तेंका."

"आई, तू कधी सांगितलं नाहीस."

"तू खंय इचारलंस?" आईने हात पुढे केला. "हाड तो डबो हयसर. ह्यां काय? लग्नातली हळद लावलंस? लावूचा कमी, पुसूचा जास्त."

तिने जमीलाचाचीकडून पायमोजा मागून घेतला, जुना, विरलेला. चिमूटभर माती बोटावर घेऊन डब्याच्या कडेला दाबली आणि पायमोज्याने जवळजवळ सगळी पुसून काढली. उरला तो नुसता संशय. पुन्हा दाबली, पुन्हा पुसली.

"वयरसून खाली पूस. आडवा पुसशीत तर शिंचा रंग लावल्यासारखा दिसता. पावस वयरसून खाली येता मां? मगे माती पण तशीच व्हावता."

चौथ्या-पाचव्या पुसण्याला खिडकीखाली तांबूस सावली धरायला लागली. मृणालीने श्वास धरून पाहिलं. गार्डच्या डब्यासारखं अगदी नव्हतं, पण खेळणंही राहिलं नव्हतं. तिने दुसरा डबा घेतला. पहिल्यांदा जास्त पुसलं, मग कमी. आई तिच्या हाताकडे बघत राहिली आणि चुकलं की नुसती जीभ टाळ्याला लावून आवाज काढायची.

जमीलाचाची हात पुसत येऊन बसली. "पिंका माझ्याकडे द्या," ती म्हणाली. "आमचे सासरे कुठे कुठे थुंकायचे ते मला तोंडपाठ आहे." तिने दातकोरणीच्या टोकाने खडूची लाल भुकटी पाण्यात कालवून एका दाराशेजारी असा ओघळ सोडला की आईने तोंडाला पदर लावला. "अगो, शिसारी इली माका. बेस झालो."

ताहिरचाचा नमाजाहून परतले तेव्हा चटईवर दोघी आणि खुर्चीत आई, अशा तिघी बायका डब्यांवर वाकल्या होत्या आणि भाताचं पातेलं ओट्यावर तसंच होतं. त्यांनी टोपी काढून खिशात घातली. झालेले चार डबे एकेक करून उजेडात धरले. बराच वेळ लावला. मृणाली उठून उभी राहिली.

"गुंडूचा हात नाही हा," ते शेवटी म्हणाले.

"नायच, ताहिरभाऊ," आई मान वर न करता म्हणाली. "गुंडूचो हात गेलो."

चाचांनी हातातला डबा चटईवर ठेवला. मग खाली बसले, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि म्हणाले, "चाकं मला द्या, वहिनी. गंज मला जमतो."

तीन वाजेपर्यंत दहा झाले. भात दोनदा गरम करून दोनदा गार झाला होता आणि चाचीने सगळ्यांच्या हातात वाट्या देऊन तिथेच जेवायला लावलं होतं. मृणालीने अकरावा उचलला तेव्हा चाचांनी तो तिच्या हातातून घेतला.

"हा राहू दे. दर गाडीत एखादा डबा नुकताच कारखान्यातून रंगून आलेला असतोच. बारा डबे सारखे मळलेले, अशी गाडी कुणी पाहिलीय का?"

"ह्यो सातवो मां?" आई म्हणाली. "तेंचो सातवो सगळ्यांत घाण होतो. त्येच्यार तेंनी पंधरा दीस घातल्यानी."

"मग तोच ठेवू स्वच्छ," चाचा म्हणाले. "त्याला हात लावायची माझी छाती नाही."

मृणालीने मातीच्या बरणीला झाकण लावलं.

डबे रुळांवर चढवले, इंजिन लावलं. चाचांनी वेगाचं बटण मृणालीपुढे केलं, पण तिने ते परत त्यांच्याकडे सरकवलं. गाडी निघाली. आतिकाच्या पलंगाची जागा, खिडकीखालचा पूल, कागदाच्या लगद्याचा बोगदा, कपाटामागचं वळण. आई खुर्ची पुढे ओढून बसली होती. गाडी कपाटामागे गेली तेव्हा तिची मान तिकडे वळली आणि डबे मोजत परत आली. बारावा आला तेव्हा ओठ हलायचे थांबले. शेवटच्या लाल दिव्याकडे बोट करून ती म्हणाली, "ह्यो पेटता? माका कधी नाय सांगल्यानी."

फेरी पुरी होत आली आणि फूटभर लांबीच्या स्टेशनापाशी गाडी थांबली.

"अडकली का?" मृणाली पुढे झाली.

"नाही. क्रॉसिंग."

"म्हणजे?"

"एकेरी लाइन आहे ना आपल्याकडे. समोरून एक्सप्रेस येणार. ती आधी जाते. पॅसेंजरने बाजूला उभं राहायचं."

मृणालीने रुळांवर सगळीकडे नजर फिरवली. दुसरी गाडी कुठेच नव्हती. "एक्सप्रेस कुठे आहे, चाचा?"

"ती आम्ही कधी केलीच नाही." चाचांनी मनगटावरचं घड्याळ काढून स्टेशनाच्या छपराशेजारी ठेवलं. "बावीस मिनिटं. वेळ झाली की एक्सप्रेस गेली असं धरायचं आणि सिग्नल द्यायचा. गुंडूचा नियम. पॅसेंजर थांबली नाही तर ती पॅसेंजर कसली, म्हणायचा."

"आणि तेवढा वेळ काय करायचात?"

"बसायचो."

"बोलायचात?"

"कधी बोलायचो. कधी नाही."

मृणाली उभी होती. वाट्या उचलायच्या होत्या. मातीचा पसारा पुसायचा होता. घरी दोन खोक्यांना पट्टी लावायची राहिली होती, फ्लॅटच्या मालकाला किल्ल्यांबद्दल फोन करायचा होता. तिने एक वाटी उचललीही.

"ठेव ती," आई म्हणाली. "बस."

ती चटईवर बसली. बसल्यावर तिचे डोळे बरोबर खिडक्यांच्या पातळीला आले. तारेचे गज, आत प्लास्टिकची बाकडी. दुसऱ्या डब्यात बाबांनी माणसं बसवली होती, बोटाच्या नखाएवढी. हे तिला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, काल धुतानाही दिसलं नव्हतं. काही झोपलेली होती. एक बाई मांडीवर टोपली घेऊन खिडकीबाहेर, थेट तिच्याकडे पाहत होती. खिडकीखाली मृणालीच्या अंगठ्याचा तांबूस ठसा होता, आईने पुसायला सांगितलेला आणि तिच्याकडून राहून गेलेला.

"किती झाली?" तिने विचारलं.

"पाच."

घड्याळाचा आवाज ऐकू येत होता. चाची भिंतीला टेकून डुलक्या घेत होती.

"खंयची एक्सप्रेस?" आईने विचारलं.

"मडगावची, वहिनी."

"ती नेहमीच उशिरा," आई म्हणाली आणि खुर्चीत मागे टेकली.

मृणालीने आणखी एकदाच विचारलं, तेव्हा अकरा झाली होती. त्यानंतर तिने गुडघे पोटाशी घेतले, त्यांवर हनुवटी ठेवली आणि एकामागून एक डब्यांतली माणसं पाहत गेली. सातव्यात कुणी नव्हतं. आठव्यात दारात एक माणूस दांडा धरून उभा होता, शर्ट बाहेर आलेला, एक पाय पायरीवर, उतरायच्या बेतात. त्याच्या पायातल्या चपलाही बाबांनी रंगवल्या होत्या.

"बावीस," चाचा म्हणाले आणि बटणाकडे हात नेला.

"थांबा ना, चाचा," मृणाली म्हणाली. "एक्सप्रेस लेट असेल."

चाचांनी आईकडे पाहिलं. आईने पदर सारखा केला, खांद्यावरून पुढे ओढून घेतला.

"आसांदे लेट," ती म्हणाली. "आमका खंय जावचा आसा आज."